छातीत न दुखणारं दुखणं

परवा एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, "हार्ट ट्रान्सप्लांट झालं ना? नवीन पार्ट बसला, विषय संपला!" आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सगळं असंच दिसतं म्हणा.

पण विषय संपत नाही. २ जानेवारी १९६८ ला केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी फिलिप ब्लायबर्ग यांना एका २४ वर्षांच्या तरुणाचं हृदय बसवलं. ते १९ महिने जगले. शवविच्छेदनात दिसलं काय, तर त्या तरुण हृदयाच्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या झालेल्या! शरीर परक्या हृदयाला पूर्णपणे आपलं मानत नाही. धुसफुस चालूच राहते आणि वाहिन्यांची भिंत आतून जाड होत जाते. आजही दहा वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांना हे होतं. त्यात ऑपरेशनमध्ये हृदयाच्या नसा तुटलेल्या, त्यामुळे बऱ्याचदा छातीत दुखतच नाही. म्हणून ठरावीक काळाने अँजिओग्राफी.

आता आमच्या वालूरचा एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. आधी सेलू गाठायचं, मग रात्रीची रेल्वे, मग मुंबईचं हॉस्पिटल. खर्च वेगळाच. याउलट सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, तालुक्यातही होते. तिच्यात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर मिळतं. ते वाढलं तर शरीरात दाह वाढल्याची शंका येते. त्यावरून आजाराची चाहूल लागेल का, हे संशोधक तपासताहेत.

मोह होतो, "चला, स्वस्तात काम झालं!" इथेच मला थांबावंसं वाटतं. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांनी लिम्फोसाइट घटतात, साध्या इन्फेक्शननेही आकडा हलतो. म्हणजे हा सर्व्हरचा लॉग झाला. काहीतरी बिघडतंय इतकंच कळेल, कुठे ते नाही. आणि लॉग शांत आहे म्हणजे सर्व्हर ठणठणीत, असं कोणता इंजिनिअर म्हणेल?

माझं मत विचाराल तर ही मोजणी जरूर वापरावी, पण "कुणाला आधी बोलवायचं" हे ठरवायला. "कुणाला बोलवायचंच नाही" हे ठरवायला नव्हे. त्यासाठी प्रत्येक रुग्णाचे जुने आकडे औषधांच्या नोंदींसकट एका जागी हवेत, म्हणजे त्याची तुलना त्याच्याशीच करता येईल. हे काम तर आपल्यासारख्यांचंच, नाही का?

नाहीतर शहरातल्याला अँजिओग्राफी आणि वालूरच्याला फक्त सीबीसी, असं व्हायचं. ज्याचं दुखणं दुखतच नाही, त्याला ते कळायचंही नाही.