जाळी भरली म्हणून समुद्र सुखरूप नसतो

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि ट्रॉलर समुद्रात उतरतात. त्याच सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत तळाचा ऑक्सिजन झपाट्याने घटत असतो. नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात अरबी समुद्राचे खोल, थंड आणि आधीच ऑक्सिजन गमावलेले पाणी उतार चढून उथळ भागात येते. त्यातल्या नायट्रेटवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर मासळी पोसते. पण त्याच वनस्पती मरून तळाशी कुजू लागल्या की उरलासुरला ऑक्सिजनही खर्च होतो. पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर वर पसरलेला असतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात काही ठिकाणी तळाशी चक्क हायड्रोजन सल्फाइड सापडतो. समुद्रशास्त्रज्ञ डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे चित्र मांडले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा कमी ऑक्सिजनचा हा पट्टा सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटरचा असून, नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या अशा किनारी पट्ट्यांत तो जगात सर्वांत मोठा मानला जातो.

नैसर्गिक आहे, मग काळजी कशाची, असे विचारले जाते. मुंबईसमोर कमी ऑक्सिजनचे पाणी किनाऱ्याकडे सरकते, हे तर १९५९ सालीच नोंदवले गेले होते. या पट्ट्यातली ऑक्सिजनटंचाई किती वाढली आणि त्यात माणसाचा हात किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, हेही खरे. मात्र मला यातून उलटाच निष्कर्ष निघताना दिसतो. जिथे ऑक्सिजन मुळातच शून्याला टेकतो, तिथे थोडीशी भरही महागात पडते. खतांतला आणि सांडपाण्यातला नायट्रोजन ही ती भर आहे. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, ही दुसरी. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत जगाच्या महासागरांनी सुमारे दोन टक्के ऑक्सिजन गमावला आहे. मेक्सिकोच्या आखाताला मिसिसिपीतून वाहून आलेल्या खतांनी काय केले, तळाचा ऑक्सिजन कसा घटवला, हेही डोळ्यांसमोर आहे.

शिवाय भरलेले जाळे इथे फसवे ठरू शकते. तळाला श्वास मिळेनासा झाला की कोळंबी आणि तळाची मासळी उरलेल्या अरुंद पट्ट्यात गर्दी करते आणि सहज सापडते. बंदरावर मोजले जातात ते किलो. त्या आकड्यावरून साठा भरपूर आहे असे ठरवणे ही घोडचूक आहे. आधीच दोन महिने घरी बसणाऱ्या मच्छीमाराला आणखी किती दिवस थांबवणार, हा आक्षेप रास्त आहे आणि सरसकट बंदी वाढवण्याच्या बाजूने मी नाही. पण राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून नियमित मोजमाप करते, तसे रत्नागिरी आणि मुंबईसमोर का नसावे? ऑगस्ट ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला तळाचा ऑक्सिजन मोजावा, आकडे मच्छीमार सोसायट्यांपर्यंत पोहोचवावेत आणि जिथे तो फार खाली जाईल त्या पट्ट्यालगत तेवढ्या काळापुरते तळाचे ट्रॉलिंग थांबवावे. मत्स्यव्यवसाय विभागाने येत्या हंगामापासून याची सुरुवात करावी.