शेक घेण्याआधीचा सीटी टाळू नका

भूम, परंडा, वाशी, कळंब, तुळजापूर, लोहारा, उमरगा आणि धाराशिव तालुक्यांतील सर्व कुटुंबांना कळकळीची विनंती.

फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी शेक, म्हणजे रेडिएशन सांगितलं, की आधी पुन्हा एक सीटी काढायला लावतात. ‘आत्ताच तर काढला, परत कशाला?’ म्हणत माणसं तिथूनच गावी परततात. कृपा करून परतू नका. पहिला सीटी रोग शोधायला होता. हा दुसरा, किरण नेमके कुठे, कोणत्या बाजूने आणि किती द्यायचे ते ठरवायला असतो.

रुग्णाला दोन्ही हात डोक्यावर घेऊन निजवतात आणि छातीवर बारीक खुणा करतात. पुढे रोज अगदी तसंच निजायचं असतं. श्वासाबरोबर गाठ वर-खाली सरकते, खालच्या भागातली तर कधी सेंटिमीटरभर किंवा जास्तच. म्हणून सोय असेल तिथे श्वासाच्या टप्प्याटप्प्याची चित्रं घेतात. मग डॉक्टर एकेका चित्रावर गाठीची कड आखतात. हृदय, अन्ननलिका, मज्जारज्जू आणि निरोगी फुप्फुसही आखतात, कारण त्यांना शक्य तितकं वाचवायचं असतं. गाठ कुठली आणि मिटलेलं फुप्फुस कुठलं, हे साध्या सीटीत अनेकदा उमगत नाही. म्हणून काही वेळा पेट स्कॅनही करतात; त्यात गाठ उजळून दिसते. त्यासाठी चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. साखरेचा आजार असेल तर आधीच सांगा.

जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. जुन्या फिल्म, सीडी, बायोप्सीचे कागद, सगळं घ्या. खुणा पुसट झाल्या तर घरी गिरवू नका. उपचार बहुधा सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. सोयाबीनच्या काढणीसाठी तो मध्येच मोडू नका.

आपल्याला जवळचं ठिकाण बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. परंडा आणि भूमच्या रुग्णांची नोंद बार्शीत १९८७ पासून ठेवली जाते, इतकं जुनं हे नातं आहे. पैशाची अडचण असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणि उशीर करू नका. गाठ पसरली की किरणांच्या वाटेत निरोगी फुप्फुस जास्त येतं, मग पुरेसा डोस देणंच अवघड होतं. अजून निदान झालं नसेल, पण टीबीची औषधं घेऊनही खोकला थांबत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर या आठवड्यातच छातीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.