शालीपलीकडचा सन्मान

मानसिक आरोग्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांचा धर्मादाय समारंभांतून गौरव होतो, ही गोष्ट आम्हाला स्वागतार्ह वाटते. ज्या व्याधीचे नावही उंबरठ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही अशी आपल्या समाजाची रीत, तिच्यासाठी राबणाऱ्यांना चारचौघांत मानाने बसवावे, ही लहान सुधारणा नव्हे. कुणाला हृदयविकाराचा झटका आला तर सारा वाडा चौकशीला लोटतो. मन आजारी पडले की घरचीच माणसे दार लोटून घेतात. मुलीचे लग्न अडेल या धास्तीने रोगी वर्षानुवर्षे माजघरात राहतो. दृष्ट काढून होते, कौल लावून होतो, घाड्याचा उंबरठा झिजतो. बांबोळीची वाट धरीपर्यंत रोग मुरलेला असतो. देवावरील श्रद्धेशी आमचे भांडण नाही. गाऱ्हाणे जरूर घालावे, पण औषधही घ्यावे.

वास्तविक या विषयात गोमंतकाने मागे राहण्याचे कारण नव्हते. संमोहनाच्या अभ्यासात ज्याचे नाव जगभर घेतले जाते तो आबे फारिया कांदोळीचा. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ पासून त्याचा पुतळा उभा आहे; आपण तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो आणि पुढे चालू लागतो.

१९९६ साली येथे 'संगत' ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. विक्रम पटेल यांना २०१९ मध्ये कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार लाभला. त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील चोवीस दवाखान्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यक्षेत्राशी पूर्वी संबंध नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिने प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत बसवले गेले. त्या रुग्णाचे ऐकत, आजार समजावून सांगत, गरज भासल्यास डॉक्टरांकडे पाठवीत. शासकीय केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के भरले. अशी सोय नव्हती तेथे ते ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे ज्याला दुसरा आधार नाही, त्यालाच या सोयीचा खरा लाभ झाला.

या स्त्रियांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून घरी पोचवणारे कर्जतचे डॉ. भरत वाटवानी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी झाले, याचा आम्हाला आनंद आहे. पण त्या रोग्याला न्हाऊमाखू घालणारे हात सहसा छायाचित्रात येत नाहीत.

२००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस रुग्ण आगीत जळून मेले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार हा हक्क मानला. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, बहुतेक मानसिक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना आढळले होते. हे अंतर कायद्याच्या कागदाने भरत नाही. त्यासाठी गावात जाऊन बसणारे माणूस लागते, आणि त्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो.

म्हणून समारंभ भरवणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. पुष्पगुच्छ, मेजवानी आणि सन्मानचिन्हे यांवर जो खर्च होईल, तो निधीच्या हिशेबाशेजारीच जाहीर करावा. उरलेल्या रकमेतून निदान एका तालुक्यातील समुपदेशिकांचे वर्षभराचे वेतन आणि बसभाडे उचलावे. शासनानेही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्यासाठी कायम जागा आणि बोलण्यापुरती एक आडोशाची खोली द्यावी. अनेक ठिकाणी रुग्णाला आपले दुःख औषधांच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहून सांगावे लागते.