दोरी आवळणं सोडा

पाऊस लागला. प्लॉटवर राखणीला आपण भुईवरच झोपतो, अन् मण्यार चावतो तो बहुतेक झोपेतच. सूज नाही, फारसं दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो.

आपल्यातल्या पुष्कळांनी जुन्या शिबिरात प्रथमोपचार शिकलाय. दोरी आवळा, ब्लेडनं चिरा, विष चोखा. ते आता चुकीचं ठरलंय. आवळलेला पाय सडतो. घोणस-फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही, तिथं चीर दिली तर वाहतच राहतं. आता पद्धत अशी: माणसाला चालवायचं नाही. कडं, जोडवी, अंगठी काढायची. चावलेला हात-पाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवायचा अन् झोळी करून दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन लावायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर इंजेक्शन एकच, म्हणून साप मारत बसू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडानं श्वास देत राहा, नाडी लागत नसेल तर छातीही दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बडव्याला बोलवायचं तर बोलवा, पण गाडी आधी निघू द्या.

अन् गाडी पाड्यापर्यंत येतच नाही, त्याचं काय? वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. दवाखाना, रस्ता यांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळते. येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या: एक या जमिनीचा, दुसरा दरवर्षी पावसाआधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पाड्यावर येऊन नवं शिकवण्याचा. ठरावाची नक्कल आमच्याकडे पाठवा.