कडी नसलेलं दार

"आमच्या वाड्यात सतरा बिऱ्हाडांत दोन संडास होते. पहाटे डबे घेऊन रांग लागायची. पण दाराला आतून कडी होती गं."

हे माझ्या सासूबाईंचं वाक्य. वय एकाहत्तर, मधुमेह, आणि लग्न होऊन आल्यापासूनचं सगळं आयुष्य शनिवार पेठेत. वाक्य मात्र त्या शनिवार पेठेत बोलल्या नाहीत. बोलल्या पवना धरणाच्या काठावर, रात्री दीड वाजता, थंडीत कुडकुडत, एका पत्र्याच्या खोलीबाहेर. मी आत होते. दाराला कडी नव्हती म्हणून त्या बाहेरून दार धरून उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि मी दार धरलं.

आम्ही सुट्टीवर आलो होतो, मैत्रिणींनो. मजा करायला!

गेल्या हिवाळ्यात घरात कॅराव्हॅनची टूम निघाली. चाकांवरचं घर भाड्याने घ्यायचं, त्यातच झोपायचं, त्यातच स्वयंपाक करायचा. नवरा, नणंदेचे यजमान आणि मोबाइलवरचे फोटो, या तिघांनी मिळून बेत ठरवला. आमच्या बोळात ती गाडी शिरणं शक्यच नव्हतं. ओंकारेश्वराच्या बाजूला ती उभी राहिली आणि पिशव्या, डबे, आईंच्या गोळ्या, मुलीचे स्वेटर असं सगळं आम्ही दोघींनी, मी आणि नणंदेनं, तिथवर वाहून नेलं. एकूण सहा माणसं: तीन बायका, एक अकरा वर्षांची मुलगी, दोन पुरुष.

गाडी देणाऱ्याने सांगितलं होतं, की कॅम्पच्या जागी वीज मिळेल, पाणी मिळेल आणि गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायची सोयही असेल. ही टाकी छोटी असते, साधारण वीस लिटरची. सहा माणसांत ती एका दिवसात भरते. म्हणजे टाकी रिकामी करायची जागा ही चैनीची नव्हे, तर अशा गाडीच्या मुक्कामाची पहिली अट. परदेशात जिथे अशा गाड्यांची जुनी रीत आहे, तिथे तळावर पाण्याचा नळ, विजेचा जोड आणि मैला रिकामा करायची जागा या गोष्टी गृहीतच धरलेल्या असतात. आपण गाडी आणली, फोटो आणले. बाकीचं आणायचं राहून गेलं.

तळावर तीसेक तंबू होते. वीज म्हणजे भटारखान्यातून ओढलेली एक वायर. पाणी म्हणजे एक निळा पिंप. टाकी कुठे रिकामी करायची असं विचारल्यावर तिथल्या मॅनेजरने हाताने उतार दाखवला, "तिकडे ओता खाली." खाली म्हणजे धरणाचं पाणी. पिंपरी-चिंचवड ज्या पवनेचं पाणी पितं, तेच. आम्ही नकार दिला. त्यामुळे रात्रीपर्यंत गाडीतला संडास बंद करावा लागला.

तळाचे स्वतःचे संडास दोन. त्यातल्या एकाला कुलूप, कारण आत गाद्या ठेवलेल्या. उरला एक. त्यात दिवा नाही, नळ नाही, कडी नाही, कचऱ्याचा डबा नाही. वाट दारू पीत बसलेल्या टोळक्यांच्या तंबूंवरून जाणारी, आणि कानठळ्या बसवणारी गाणी मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच. नणंदेची पाळी त्याच दिवशी आलेली. बँकेत अधिकारी असलेली ही बाई वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून दोन दिवस आपल्या पर्समध्ये घेऊन फिरली. माझ्या मुलीने संध्याकाळी सरबताचा पेला परत केला. का, असं विचारलं तर म्हणाली, "मग रात्री जायला लागेल ना, आई." अकरा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं? आम्हीच. तिने आम्हा तिघींना दिवसभर पाणी टाळताना पाहिलं होतं.

पुरुषांचं काय झालं? काहीच नाही. "अगं, आम्ही जमवलं," असं हसत सांगून ते मोकळे झाले. झाडं पुष्कळ होती.

स्वयंपाकाचंही सांगते. सकाळी सहा माणसांचे पोहे हातभर ओट्यावर मी केले, भांडी नणंदेने पिंपातल्या पाण्यात विसळली. पुरुषांना गाडी चालवून थकवा आला होता. घर चाकांवर आलं म्हणजे घरकामही चाकांवर आलं, हे त्या सुंदर फोटोंत कुठे दिसलं नव्हतं.

मी मॅनेजरकडे गेले. त्याचं उत्तर मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे: "मॅडम, सगळे एका रात्रीसाठी येतात. लेडीज कधी तक्रार करत नाहीत."

खरं होतं त्याचं! त्या रात्री तळावर निदान वीस-पंचवीस बायका असतील. त्या सगळ्या दोघी-दोघींनी जात होत्या, एकमेकींसाठी दार धरत होत्या, मोबाइलचा उजेड दाखवत होत्या. अनोळखी बायकांमधला हा भगिनीभाव पाहून कुणालाही भरून येईल. मला राग आला. कारण आम्ही इतक्या छान सांभाळून घेत होतो, की कडी बसवायची गरज कुणालाच भासत नव्हती. दोन रुपयांच्या खिळ्याचं काम आम्ही रात्रभर हातांनी केलं.

आणि माझं स्वतःचं काय? मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई. वस्त्यांमध्ये बायकांच्या बैठका घेते, "संडास हा तुमचा हक्क आहे" असं सांगते. मीच नणंदेला म्हणाले, "जाऊ दे, एक रात्र काढू." हे वाक्य लिहितानाही लाज वाटते. इतरांच्या हक्कांसाठी भांडायची सवय असलेल्या आपल्यालाही स्वतःच्या सुखासाठी भांडताना जीभ अडखळते ना? घरच्यांचा मूड जाईल, पैसे भरले आहेत, एवढ्याशा गोष्टीसाठी तमाशा नको. "अ‍ॅडजस्ट कर" हे आता कुणी आपल्याला सांगावं लागत नाही. आपलं आपणच म्हणतो.

त्या "एका रात्री"ची किंमत आईंनी मोजली. पाणी तोडलं, लघवी दाबून ठेवली. परतल्यावर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला आणि आठ दिवस तापाने अंथरुणात होत्या. बायकांचा मूत्रमार्ग लहान असतो, जंतू लवकर वर चढतात. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. हे डॉक्टर सांगतात, आपण आरोग्य शिबिरात सांगतो, आणि सहलीला निघताना विसरतो.

तिथेच आणखी एक बाई होती. तळाच्या भटारखान्यात भाकऱ्या थापणारी, शेजारच्या गावातली. पाण्याचा पिंपही तीच भरायची आणि तो एकुलता एक संडासही तीच धुवायची. "तुम्ही कुठे जाता?" असं मी तिला विचारलं. म्हणाली, "आम्ही उजाडायच्या आत जाऊन येतो, ताई. मग दिसभर लागत नाही. तो पाव्हण्यांचा हाय ना." जो संडास ती धुते, तो तिला वापरायची परवानगी नाही. आणि "लागत नाही" हे वाक्य मी वस्त्यांमध्ये इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे! लागत नाही असं नसतं. न लागण्याची सवय शरीराला जबरदस्तीने लावलेली असते.

या पाण्याला इतिहास आहे. धरणात जमिनी गेलेल्या इथल्या अनेक कुटुंबांना पुनर्वसनासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघं ठार झाले. त्यातल्या एक कांताबाई ठाकर. ज्या पाण्यासाठी एका बाईचा जीव गेला, त्याच पाण्याच्या काठावर दुसरी बाई दिवसभर घोटभर पाणी प्यायला घाबरते. आणि आम्ही तिथे देखावा बघायला जातो.

आता काहीजणी म्हणतील, "शहरातल्या मध्यमवर्गीय बाईच्या बिघडलेल्या सहलीचं रडगाणं आपल्या अंकात कशाला? निसर्गात जायचं तर थोडी गैरसोय होणारच." दोन्ही आक्षेपांना उत्तर देते.

पहिलं, गैरसोय आणि भेदभाव यांत फरक आहे. पाऊस, थंडी, डास ही गैरसोय. ती बाईलाही होते, पुरुषालाही. कडी नसणं ही निसर्गाची करणी नव्हे. पैसे घेऊन तंबू ठोकताना "इथे बायका येतील" हा विचारच कुणी केला नाही, त्याचा तो पुरावा आहे.

दुसरं, रडगाण्याविषयी. माझं दुःख आणि त्या भाकरीवालीचं दुःख सारखं नाही, हे मला कळतं. मी परत येऊन माझ्या फरशीच्या बाथरूमची कडी लावली. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी अंधारात उठली. पण आम्हा दोघींना नाकारणारा विचार एकच आहे. बाई बाहेर पडणार ती कामापुरती, आणि काम झालं की घरी परतणार. तिला बाहेर तहान लागत नाही, लघवी लागत नाही, पाळी येत नाही! त्यातही कामासाठी बाहेर पडली तर निदान दया तरी वाट्याला येते. मजेसाठी बाहेर पडली, तर तिची मूलभूत गरजसुद्धा "चोचले" ठरते.

मुंबईत २०११ मध्ये अनेक संस्थांनी मिळून "राइट टू पी" मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे, हा साधा अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं "व्हाय लॉइटर?" हे पुस्तक आलं. बाईला काहीही कारण नसताना, नुसतं रमतगमत, सार्वजनिक जागेत असण्याचा हक्क आहे, अशी त्यांची मांडणी. आपल्या पुण्यात २०१६ पासून मोडीत निघालेल्या बसगाड्यांमधून बायकांसाठी "ती" स्वच्छतागृहं उभी राहिली. विचार करा, जुनी बस घेऊन तिचा संडास करता येतो, आणि नवी कोरी कॅराव्हॅन घेऊन संडासाची सोय करता येत नाही?

धोरणं नाहीत असं नाही. महाराष्ट्र शासनाचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात कॅराव्हॅन पार्कला पाणी, वीज, रस्ता अशा सोयींची अपेक्षा आहे. २०२३ मध्ये महिलांना केंद्रस्थानी ठेवणारं पर्यटन धोरण आलं. त्याचं नाव "आई". कागदावरची आई आणि पत्र्याचं दार धरून उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई, यांची गाठ कधी पडणार?

ती आपल्यालाच घालून द्यावी लागेल. जागा ठरवण्याआधी विचारा: किती माणसांमागे किती संडास? आतून कडी आहे? दिवा, नळ, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे? टाकी कुठे रिकामी होते? आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या बायका कुठला संडास वापरतात? हा शेवटचा प्रश्न वगळू नका. उत्तरं लेखी घ्या. कबूल केलेली सोय मिळाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवेतली त्रुटी ठरते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, त्यासाठी कुणाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. बचत गटांच्या, मंडळांच्या सहली ठरवणाऱ्या मैत्रिणींनी तर हे आधी करावं. चाळीस बायका एकदम "येत नाही" म्हणाल्या, तर खिळा आणि कडी बाजारात मिळते हे मालकाला बरोबर आठवेल. आणि सहलीतल्या पोह्यांची पाळी निघण्यापूर्वीच पुरुषांशी वाटून घ्या. बाहेर हक्क मागायचा आणि गाडीत निमूट भांडी घासायची, हे मी यापुढे करणार नाही.

मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं, की पुढच्या वेळी भाड्यात सवलत देऊ. सवलत नको, कडी हवी, असं मी कळवलं आहे. त्याला अजून उत्तर नाही. आता आयोगाकडे जाण्यासाठी कागद गोळा करते आहे. पावत्या आहेत, फोटो आहेत, आणि साक्षीला आई तयार आहेत.

ताप उतरल्यावर मी त्यांना भीतभीतच विचारलं होतं, "आई, आता पुन्हा कुठे जायला नको वाटत असेल ना?" त्या चिडल्याच. म्हणाल्या, "का नको? सतरा बिऱ्हाडांचं पाणी भरलं जन्मभर. आता कुठे फिरायला मिळतंय. जाऊ की! पण आधी फोन करून कडीचं विचार."