दीड वीत नळी आणि पाचशे मीटरचा उतार

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला जाते आणि तिथे त्यावर वीज तयार होते. १९२७ पासून हे चालू आहे. याच उताराच्या ताकदीसाठी १९२१ च्या सत्याग्रहाला न जुमानता मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ताम्हिणी घाटातून विळ्याकडे उतरणारी मोटार जवळपास तेवढीच उंची उतरते; फरक इतकाच, की पाण्याचा जोर टर्बाइन फिरवण्यात खर्च होतो आणि गाडीचा जोर चाकांपाशी उष्णता होऊन बाहेर पडतो. हिशेब सोपा आहे. चार माणसे आणि सामान धरून हजार किलोची एखादी जुनी लहान गाडी पाचशे मीटर खाली आली, तर सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत पंधरा लिटर थंड पाणी उकळेल. त्यातली काही हवा आणि टायर खातात, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खाते. उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जाणाऱ्या पुणेकरांच्या गाड्या चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत याच रस्त्याला लागतात, आणि त्यांत पंधरा-वीस वर्षांच्या गाड्याही असतात. त्यांचे मालक टायर बघतात, बॅटरी बघतात, फार तर ब्रेक पॅड बघतात. मास्टर सिलिंडरकडून आलेली लोखंडी पाइप जिथे संपते आणि चाकाच्या हालचालीबरोबर वळणारी दीड वीत रबरी नळी जिथे सुरू होते, तिथे कोणी वाकून बघत नाही. वास्तविक सगळा दाब तिथूनच जातो. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. जोरात ब्रेक दाबला की या नळीतला दाब हजार पौंडांच्या घरात जातो. रबर जुने झाले की त्याला बाहेरून तडे पडतात, ते निदान दिसतात. आतला थर फुगून वाट अरुंद होते, ते मात्र दिसत नाही. मग पाय काढला तरी एका चाकाचा ब्रेक सुटत नाही, चाक तापते, गाडी एका अंगाला ओढते आणि आपण अलाइनमेंट करून घेतो. शिवाय मऊ पडलेली नळी प्रत्येक दाबाबरोबर थोडी फुगते. पायाने दिलेल्या जोराचा काही भाग नळी फुगवण्यातच जातो आणि पेडल स्पंजसारखे लागते.

या नळीच्या जागी पोलादी जाळीची ब्रेक लाइन बसवण्याचा पर्याय आता सहज मिळतो. आत टेफ्लॉनची नळी, तिच्याभोवती स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची वीण, आणि बऱ्याचदा वरून प्लास्टिकचे आवरण, अशी तिची रचना असते. टेफ्लॉनला ओलावा आणि उष्णता फारशी बाधत नाही, वीण नळीला फुगू देत नाही. शर्यतीच्या गाड्यांवर ती असते म्हणून आपल्याकडे तिच्याकडे हौसेची वस्तू म्हणून पाहिले जाते. तिची खरी गरज जुन्या, साध्या गाडीला आहे, असे माझे म्हणणे आहे. कारण एबीएस. भारतात सर्व नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत ते नाही. ओल्या वळणावर चाक घसरण्याच्या बेतात आले हे नव्या गाडीत सेन्सर ओळखतो आणि ब्रेक क्षणभर सैल करतो. जुन्या गाडीत हे काम चालकाच्या तळपायाला करावे लागते. पायाला चाकाची खबर मिळते ती पेडलमधून, आणि पेडल व चाक यांच्यामध्ये असते ही नळी. ती फुगत असेल तर खबर उशिरा आणि पुसट पोचते. घट्ट पेडलवर ब्रेक किती लागला आणि अजून किती लावता येईल, हे पायाला नेमके समजते. ज्या गाडीत सावरायला दुसरे कोणीच नाही, तिथे हा समज मोलाचा आहे.

यापलीकडे या नळीकडून काही अपेक्षा ठेवू नये, आणि विकणारे जेव्हा ठेवायला लावतात तेव्हा ते दिशाभूल करतात. तिच्यामुळे गाडी कमी अंतरात थांबत नाही. ते टायर आणि रस्ता ठरवतात. तिच्यामुळे ब्रेक कमी तापत नाहीत. वीस वर्षांची नळी काढून कंपनीची नवी रबरी नळी बसवली, तरी पेडलमधला बराचसा फरक तेवढ्यानेच पडतो, हेही मान्य केले पाहिजे. आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर पोलादी नळी लावून काही उपयोग नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट खाली जाते. २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झालेल्या ताम्हिणीच्या रस्त्यावर दमट हवेची वेगळी ओळख करून द्यायला नको. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलणे आधी, नळी नंतर.

कायद्याचा आक्षेप गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले. नळीची नोंद आरसी बुकात नसते, पण म्हणून काहीही चालेल असे नाही. ब्रेकच्या नळ्यांसाठी आयएस ७०७९ हे भारतीय मानक आहे. नळी त्याच गाडीसाठी, मूळ लांबीची आणि मूळ जोडणीची असावी आणि तिच्यावर मानकाची खूण असावी. तशी मिळत नसेल, तर अनोळखी पोलादी नळीपेक्षा कंपनीची रबरी नळी केव्हाही बरी, असे मी निःसंकोच म्हणेन. दुसरा आक्षेप अनुभवी मेकॅनिक घेतात: रबराचे तडे दिसतात, जाळीखालचे टेफ्लॉन दिसत नाही. हे खरे आहे. जाळीत वाळूचे कण शिरले तर ते आतून घासतात, आणि उघडी जाळी शेजारच्या वस्तूला कानशीसारखी खाते. त्यामुळे आवरण असलेलीच नळी घ्यावी, तांब्याचे वॉशर नवे वापरावेत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी कुठे ताणत किंवा घासत नाही ना हे पाहावे, आणि शेवटी सगळी हवा काढून घ्यावी. एवढे नीट करणारा मेकॅनिक हाताशी नसेल तर हा बदल करूच नये. राहिला प्रश्न दुहेरी सर्किटचा. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक शाबूत राहतात, हे बरोबर. पण सपाट रस्त्यावरचे निम्मे ब्रेक आणि भरल्या गाडीने घाट उतरताना आधीच तापलेले निम्मे ब्रेक यांत फार अंतर आहे.

मला जास्त खुपते ते तपासणीचे वेळापत्रक. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते आणि त्या पंधरा वर्षांत तिचे ब्रेक एकदाही तपासून घेण्याची सक्ती नाही. पीयूसी मात्र ठरावीक मुदतीने लागते. धुराची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने थांबण्याचीही घ्यावी, ही मागणी अवाजवी नाही. देशातल्या वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था कोथरूडला, पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर आहे. म्हणजे ज्ञान आणि यंत्रे याच रस्त्याच्या तोंडाशी आहेत. दहा वर्षांवरील गाडीच्या ब्रेक ऑइलमधला ओलावा मोजायला लहानसे मीटर आणि दोन मिनिटे पुरतात. नळ्या पाहायला चाक काढून एक टॉर्च. पीयूसीच्या वेळीच हे दोन आकडे, ओलाव्याचा आणि नळीच्या वयाचा, कागदावर उतरवले तर निदान मालकाला कळेल की आपण कशाच्या भरवशावर विळ्याला उतरतो आहोत. सरकार हे करेपर्यंत मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, गॅरेजमध्ये गाडी वर उचलून घ्यावी आणि मेकॅनिकला चारही चाकांजवळच्या नळ्या हाताने वाकवून दाखवायला सांगावे. वाकवल्यावर तडा उघडला तर ती नळी त्याच दिवशी काढावी.