जमीन गुरगुरते तेव्हा

१० जुलै २०२४ ची सकाळ. मी नुकताच चहा घेऊन बसलो होतो, तोच नांदेडहून पुतण्याचा फोन आला. 'काका, मघाशी धक्का बसला. कपाटातली भांडी वाजली, पंखा हलला. बाकी काही नाही. साडेचार होता म्हणे, केंद्र हिंगोलीकडे.' त्याच वर्षीच्या मार्चमध्येही असाच एक धक्का पहाटे बसून गेला होता. मी त्याला विचारले, तुझी इमारत किती मजल्यांची, खाली नुसते खांब आणि मोटारी आहेत की भिंती आहेत, बांधताना इंजिनिअर कोण होता? तो हसायला लागला. 'काका, तुम्ही कादंबरी लिहायला घेतलीत काय? आपल्याकडे कुठे भूकंप होतात!'

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकले आहे. एकदा ते मी स्वतः उच्चारलेही आहे, आणि त्याची हकिगत सांगण्यासाठीच हा लेख.

मी मूळचा कऱ्हाडचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आईने मला अंथरुणासकट उचलून अंगणात आणले एवढे आठवते. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या आसपास माणसे दगावली. आम्ही बरेच दिवस अंगणात मांडव घालून झोपलो. पुढे घरात झोपायला लागल्यावरही आई रात्री फळीवर तांब्या ठेवी, त्यावर फुलपात्र आणि फुलपात्रावर एक छोटी वाटी. वाटी वाजली की उठून बाहेर पळायचे! आमच्या घरचे हे भूकंपमापक यंत्र कित्येक वर्षे चालू होते. शास्त्रज्ञांनी पुढे कोयनेच्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला. त्यामुळे झाले असे, की कोयनेचे दुखणे ते कोयनेचे, बाकीचे दख्खनचे पठार म्हणजे काळ्या दगडाचा पाटा, तो कशाला हलतो, अशी उरलेल्या महाराष्ट्राची समजूत कायम राहिली. नकाशातही लातूर-उस्मानाबादचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता.

बँकेने १९९१ मध्ये माझी बदली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी केली. किल्लारी तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर. आईचे पत्र आले की तिकडेही तांब्या-वाटी ठेवत जा. मी तिला उलट टपाली कळवले, 'इकडे भूकंप होत नाहीत.'

१९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीच्या बाजूला जमिनीतून गुरगुरण्याचे आवाज येऊ लागले, धक्के बसू लागले. लोक घाबरून घराबाहेर झोपू लागले. त्याच सुमारास आमचा एक खातेदार शेतकरी माझ्या टेबलाशी येऊन बसला. पन्नाशीचा, शांत माणूस, पीककर्जाचा हप्ता कधी न चुकवणारा. मी त्यांना मामा म्हणत असे.

'साहेब, रातच्याला जमीन लई गुरगुरतीया. माळवद उतरवून वर पत्रे टाकावं म्हनतो. लेकरं खाली झोपत्यात.'

ज्यांनी माळवदाचे घर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून वर पांढरी माती पसरायची, दरवर्षी थोडी आणखी. आजोबाच्या वेळचे छत नातवाच्या वेळी केवढे जड झालेले असेल याचा हिशेब कोणी ठेवत नसे. भिंत जितकी रुंद तितके घराणे मोठे, असाच तिकडे संकेत होता. मामांचे घर चांगले मोठे होते.

मी त्यांना विहीर, मोटार, बैलजोडी, ठिबक अशी कर्जांची सगळी यादी ऐकवली. माळवद उतरवण्यासाठी कर्ज कोणत्याही योजनेत नव्हते. वरच्या कार्यालयात विचारतो, असे म्हणालो असतो तरी चालले असते. तेही म्हणालो नाही. 'अहो मामा, इकडे भूकंप होत नाहीत, होईल बंद चार दिवसांत,' एवढे म्हटले आणि चहा मागवला. त्यांनी चहा घेतला, 'बरं साहेब' म्हणाले आणि गेले. गुरगुर खरोखरच पुढे कमी झाली. लोक घरात झोपू लागले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाच्या मिरवणुकी रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या. गुलाल अजून रस्त्यावर होता. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आधी आवाज आला, लांबून भरधाव मालगाडी यावी तसा. आमच्या गावात रेल्वे नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वीचे काहीतरी अंगात जागे झाले आणि मी ओरडलो, 'बाहेर!' मुलीला उचलले, हिने धाकट्याला. जिन्यावर पाय टेकत नव्हते. मांडणीवरचे डबे धडाधड खाली येत होते. सगळे मिळून अर्धे मिनिट असेल. रस्त्यावर शेजारी जमले होते, कोणी म्हणे कुठे बॉम्ब फुटला, कोणी म्हणे गॅसची टाकी. भूकंप हा शब्द पहिली काही मिनिटे कोणाच्या तोंडी आलाच नाही. ज्या गोष्टीची सवय नसते तिचे नावही माणसाला वेळेवर सुचत नाही. वर पौर्णिमेचा चंद्र स्वच्छ होता.

आणि मी काय केले? अंगावर सदरा चढवला आणि बँकेकडे निघालो. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. तोही येऊन उभा होता. दोघांनी शटरला हात लावून पाहिला, भिंतीला एक बारीक तडा होता तो पाहिला आणि हायसे वाटले. आज सांगताना संकोच वाटतो, पण नोकरीने माणसाचे असे होते.

उजाडल्यावर ट्रॅक्टर येऊ लागले. ट्रॉलीत माणसे होती, कुठे पांढऱ्या तर कुठे लाल मातीने माखलेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, पेठसांगवी… एकेक नाव येत गेले. बावन्न गावे पार मोडली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर पाऊस लागला तो वेगळाच.

चौथ्या दिवशी मी मामांच्या गावी गेलो. गल्ल्या कुठे होत्या ते कळत नव्हते, सगळा दगडांचा ढीग. चितांना सरपण कुठून आणणार? घरांच्याच तुळया वापरल्या होत्या. जी भिंत पिढ्यान्‌पिढ्या पोलादी वाटत आली ती खरे तर दोन भिंती होत्या, आतली आणि बाहेरची. मध्ये खरकटे दगड आणि माती, दोन्हींना आरपार बांधणारा दगड क्वचितच. धक्क्यासरशी दोन्ही बाजू फुगून सुटल्या आणि वरचे कित्येक टन माळवद सरळ खाली आले. गावाच्या कडेला कुडाच्या झोपड्यांत राहणारी माणसे मात्र झोपड्या झाडून बाहेर आली होती. ६.२ चा धक्का जगात मोठा समजला जात नाही. जपानात अशा धक्क्यानंतर माणसे बहुधा पुन्हा कामाला लागतात.

मामा, मामी आणि धाकट्या दोन मुली गेल्या. मोठा मुलगा विसर्जनानंतर मित्रांबरोबर शेतातल्या आखाड्यावर झोपला होता, तो वाचला. तीन आठवड्यांनी तो बँकेत आला. हातात मातीने भरलेले पासबुक. मी वारसाचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला, ओळख पटवायला साक्षीदार लागतात म्हणालो. तो म्हणाला, 'साहेब, वळकनारं कोन राह्यलं न्हाई.' साक्षीदार म्हणून मीच सही केली. नियमात ते बसत नव्हते. वर्षभरापूर्वी नियम वाकवला असता तर, हा विचार मी त्या सहीच्या वेळी केला आणि पुढेही केला आहे.

पत्रे टाकले असते तर चौघे वाचले असतेच, असे मी म्हणत नाही. भिंती त्याच राहिल्या असत्या. पण छाताडावरचे ओझे नसते. आणि हेही मान्य करतो, की लहान धक्क्यांनंतर मोठा येतोच असे नाही. पालघरच्या डहाणू भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, शेकडो धक्के बसले, किल्लारीसारखा मोठा काही आला नाही. भूकंप केव्हा होणार हे आजही कोणी सांगू शकत नाही. जमिनीला विचारून उपयोग नाही, ती सांगत नाही. भिंतीला मात्र विचारता येते, आणि ते आपण करत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. भूकंपात नुसत्या जमिनीने माणूस मरत नाही, बहुतेक वेळा आपण बांधलेल्या घराखाली मरतो.

किल्लारीनंतर पुष्कळ काही झाले, ते नाकारू नये. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन प्रकल्प झाला, गावे नव्या जागी वसली. २००२ मध्ये भूकंपाचा नकाशा सुधारला तेव्हा पहिला, सर्वांत निर्धास्त विभाग काढूनच टाकला गेला. म्हणजे भूकंप अजिबात होणार नाही अशी जागा या देशात कागदावरही उरली नाही. जी घरे उभी होती ती मजबूत करण्यासाठी सरकारने अनुदान दिले. माळवदावरची माती कमी करा, कोपरे बांधा, भिंतीत आरपार दगड घाला, वर काँक्रीटचा पट्टा फिरवा. मामांनी मागितले होते त्यापेक्षा जास्तच. पण अनेक कुटुंबांनी जुनी भिंत दुरुस्त करण्याऐवजी त्या पैशांत शेजारी एक नवी खोली बांधली. त्यांना हसू नये. दगडाच्या घरावरचा विश्वासच उडाला होता.

मी स्वतः निवृत्त होईपर्यंत शेकडो घरकर्जे मंजूर केली. पगारपत्रक, सातबारा, टायटल सर्च, दोन जामीनदार, अग्निविम्याचा हप्ता, सगळे पाहिले. मंजूर नकाशा फायलीत आहे ना, एवढ्यावर टिक मारली. त्या नकाशाप्रमाणे सळ्या किती घातल्या, तळमजल्यावर दुकानांसाठी भिंती काढून टाकल्या का, मागाहून चढवलेल्या मजल्याचा भार कोणी मोजला, हे प्रश्न माझ्या टेबलावर कधी आले नाहीत आणि मी आणले नाहीत. कर्ज बुडू नये एवढीच काळजी. घर बुडाले तर कर्जही बुडते हे साधे गणित बँकेला कळायला हरकत नव्हती. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींबद्दल वेगळे काय सांगावे?

२०२३ मध्ये भूकंपाला तीस वर्षे झाली तेव्हा मी मुद्दाम तिकडे जाऊन आलो. मामांचा मुलगा आता साठीकडे झुकला आहे. पुनर्वसनातल्या घरापुढे लिंब मोठा झाला आहे. त्याने आग्रहाने जेवू घातले, नातवाला माझ्या पाया पडायला लावले. भूकंपानंतर सरकारने दिलेल्या दोन खोल्यांवर त्याने वर्षभरापूर्वी एक मजला चढवला होता, स्लॅबचा. संगमरवरी फरशी, बाल्कनीला स्टीलचे कठडे. मी न राहवून विचारले, 'खालच्या भिंतींना वरचा भार पेलेल का, कोणाला दाखवलं होतंस?'

'गवंडी घरचाच हाय, साहेब.'

'आणि कर्ज?'

'बँकेनं दिलं की. सातबारा मागितला, दोन जामीनदार मागितले. भिंतीचं कुनी इचारलं न्हाई.'

रात्री मुक्कामाचा आग्रह झाला. पाहुण्यांची खोली वर होती. मी अंगणात, लिंबाखाली बाज टाकून मागितली. गारव्याचे निमित्त सांगितले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, काही बोलला नाही. थोड्या वेळाने स्वतःचीही बाज उचलून माझ्या शेजारी आणून टाकली.